कागदावर पास झालेला धातू

24 फेब्रुवारी 2009 रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून ‘टॉरस एक्सएल’ जातीचे एक रॉकेट उडाले. त्याच्या टोकाशी नासाचा ‘ऑर्बिटिंग कार्बन ऑब्झर्व्हेटरी’ हा उपग्रह होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड कुठून येतो आणि कुठे जिरतो, हे त्याने मोजायचे होते. वातावरणाचा दाट थर ओलांडला की उपग्रहावरचे संरक्षक कवच फुटून गळून पडायला हवे. ते पडले नाही. ते ओझे वाहत राहिल्याने रॉकेटला कक्षेचा वेग गाठता आला नाही आणि उपग्रह अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात कोसळला. चौकशी मंडळ बसले. त्याला एकच एक कारण ठामपणे सांगता येईना, म्हणून त्याने चार शक्यता नोंदवल्या. कवच जिथे फाटून वेगळे व्हायचे तो सांधा ही त्यांतली एक. मग सुधारणा झाल्या, कवच ढकलणारी वायूची यंत्रणा बदलली गेली आणि 4 मार्च 2011 रोजी त्याच जातीच्या रॉकेटवरून ‘ग्लोरी’ हा दुसरा उपग्रह निघाला. कवच पुन्हा अडकले. दोन मोहिमा मिळून 70 कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडाली, आणि शास्त्रज्ञांची कैक वर्षांची मेहनत गेली ती वेगळीच.

या दुहेरी अपघाताचा खरा उलगडा जाहीर व्हायला 2019 साल उजाडले. तो सांधा ज्या अ‍ॅल्युमिनियमचा बनला होता, ते ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड इथल्या ‘सापा प्रोफाइल्स’ या कारखान्यातून आले होते. गरम धातू साच्यातून दाबून काढलेल्या लांब पट्ट्या हे त्या कारखान्याचे उत्पादन. अशा प्रत्येक मालाची ताणचाचणी करून ‘हा धातू अमुक इतका ताण सहन करतो’ असे प्रमाणपत्र द्यावे लागते. या कारखान्यात 1996 ते 2015 अशी 19 वर्षे नापास मालाचे आकडे बदलून तो पास दाखवला जात होता. चाचणीयंत्राचा वेग वाढवणे, नमुने नियमाबाहेर कापणे असे प्रकारही चालत. ग्राहक साडेचारशेहून अधिक होते आणि खोटी प्रमाणपत्रे हजारोंनी होती. अमेरिकी न्याय खात्याने हेतू सांगितला तो अगदी साधा होता: कंपनीला नफा हवा होता, आणि उत्पादन वाढले की कामगारांना बोनस मिळत होता. प्रयोगशाळेच्या पर्यवेक्षकाला तीन वर्षांची कैद झाली. कंपनीने गुन्हा कबूल केला आणि 4 कोटी 60 लाख डॉलर भरायचे मान्य केले. बुडालेल्या रकमेपुढे हा आकडा किती लहान आहे, हे वाचकाच्या ध्यानात आलेच असेल.

अंतराळसंस्थेत पैशाच्या गैरव्यवहाराचा तपास म्हणजे हिशेबतपासनिसांचे काम, विज्ञानाशी त्याचा संबंध नाही, असा एक सर्वसाधारण समज आहे. टॉरस प्रकरण त्याच्या नेमके उलट सांगते. अपघाताची चौकशी करणारा अभियंता ज्या गोष्टी तपासतो, त्यांच्या मुळाशी एक गृहीत असते: समोरचे कागद खरे आहेत. हे गृहीत धरल्यावाचून त्याला कामच करता येणार नाही. रॉकेटमध्ये लाखो भाग असतात. प्रत्येक भागाचा धातू कुठल्या भट्टीतला, त्याची चाचणी कुणी केली, सही कुणाची, हे पुन्हा तपासायचे ठरवले तर एकही रॉकेट उडणार नाही. त्यामुळे निसर्गाच्या चुका शोधण्यात तरबेज असलेली माणसे माणसाच्या लबाडीपुढे हतबल होतात. धातूला खोटे बोलता येत नाही, पण धातूबद्दलच्या कागदाला येते. 2009 च्या मंडळाने सांध्यावर बोट ठेवले होते, पण त्या सांध्याचा धातू कागदोपत्री निर्दोष होता. इथे श्रेय मात्र नीट वाटून द्यायला हवे. नासाच्या प्रक्षेपण विभागातल्या अभियंत्यांनी चिकाटीने पुन्हा पुन्हा चाचण्या केल्या नसत्या, तर संशय त्या पट्ट्यांपर्यंत पोहोचलाच नसता. पण तिथून पुढे कारखान्यातली दप्तरे मागवणे, साक्षी घेणे, कुणी कुणाच्या सांगण्यावरून आकडे बदलले ते सिद्ध करणे, हे अभियंत्याच्या आवाक्यातले नव्हते. ते काम केले नासाच्या महानिरीक्षक कार्यालयाने, संरक्षण खात्याच्या गुन्हे तपास यंत्रणेच्या जोडीने.

हे कार्यालय ज्या कायद्याने अस्तित्वात आले तो ‘इन्स्पेक्टर जनरल अ‍ॅक्ट’. 12 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली आणि पहिल्याच फेरीत ज्या 12 खात्यांना व संस्थांना महानिरीक्षक मिळाले, त्यांत नासा होती. वॉटरगेटनंतरचे ते दिवस. सरकार स्वतःची चौकशी प्रामाणिकपणे करते, यावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता. कायद्याने काढलेला तोडगा थोडा विचित्र आहे. महानिरीक्षक त्या संस्थेतच बसतो, संस्थाप्रमुखाच्या सर्वसाधारण देखरेखीखाली असतो. पण त्याने काय तपासावे, कुणाला समन्स काढावे, कोणते लेखापरीक्षण सुरू करावे यात संस्थाप्रमुखाला आडकाठी करता येत नाही. त्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात, आणि ती राजकीय निष्ठा न पाहता सचोटी आणि हिशेब, कायदा, तपास अशा कामांतली पात्रता पाहून करावी, असे कायदाच म्हणतो. दर सहा महिन्यांनी त्याचा अहवाल काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे जातो. संस्थाप्रमुखाने त्यावर टिपणी जोडावी, हवी तेवढी तक्रार करावी, पण तो अडवून धरू नये. आणि काही फारच गंभीर आढळले, तर महानिरीक्षकाने लिहिलेले पत्र सात दिवसांत काँग्रेसपुढे ठेवावेच लागते. घरातलाच माणूस, पण घरधन्याच्या धाकाबाहेरचा, अशी ही रचना आहे.

मग देशाचे सर्वसाधारण लेखापरीक्षक असताना हे वेगळे कार्यालय कशाला? अमेरिकेत तशी यंत्रणा 1921 पासून आहे आणि ती नासाच्या मोठ्या प्रकल्पांचे मूल्यमापन नेमाने करते. पण ती बाहेरून बघते, आणि तिला गुन्हेगार पकडता येत नाहीत. महानिरीक्षकाच्या छपराखाली दोन वेगळ्या जातीची माणसे एकत्र काम करतात. लेखापरीक्षक प्रकल्पाचा पैसा, वेळ आणि व्यवस्थापन पाहतात, तर तपास अधिकारी गुन्ह्याचा माग काढतात. त्यांना अटकेचे अधिकार असतात, शस्त्र बाळगता येते. नासाच्या खर्चाचा सुमारे चार पंचमांश भाग कंत्राटांवर जातो, हे ध्यानात घेतले की या जोडीचे महत्त्व कळते. पैसा संस्थेतून बाहेर पडतो, कंत्राटदाराकडून उपकंत्राटदाराकडे, तिथून आणखी खाली झिरपतो, आणि लबाडी बहुधा शेवटच्या पायऱ्यांवर होते, जिथे नासाचे नावही क्वचितच घेतले जाते. पोर्टलंडच्या त्या कारखान्यात पट्टी कापणाऱ्याला आपण उपग्रह बुडवतो आहोत असे वाटले असण्याची शक्यता फारच कमी.

या कार्यालयाच्या खात्यावर अधूनमधून गमतीशीर प्रकरणेही जमा होतात. 1998 मध्ये त्याच्या अधिकाऱ्यांनी चांद्रशिलांचे खरेदीदार असल्याचे सोंग घेऊन वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि होंडुरास देशाला अमेरिकेने भेट दिलेला 1.142 ग्रॅमचा चंद्राचा तुकडा 50 लाख डॉलरला विकू पाहणारा गृहस्थ जाळ्यात सापडला. जप्तीच्या खटल्यात प्रतिवादी म्हणून कुणा माणसाचे नव्हे, त्या दगडाचेच नाव होते. पण अशा सापळ्यांची दुसरी बाजूही नोंदली गेली आहे. 2011 मध्ये कॅलिफोर्नियात तांदळाच्या दाण्याएवढा चांद्रखडा विकू पाहणाऱ्या एका 74 वर्षांच्या महिलेला याच कार्यालयाच्या पथकाने उपाहारगृहात घेरले आणि बाहेर ताटकळत उभे करून प्रश्न विचारले. विशेष म्हणजे विक्रीसाठी मदत हवी म्हणून तिनेच आधी नासाशी संपर्क साधला होता. 2017 मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्या वागणुकीवर कडक ताशेरे ओढले.

या घटनेतून पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. शास्त्रज्ञांच्या मागे तपासनीस लावले की माणसे भितात, निर्णय लांबणीवर पडतात, कागद वाढतात; आणि तपास चुकला तर आयुष्ये उद्ध्वस्त होतात. भारतीय वाचकाला तर यासाठी अमेरिकेत जायची गरजच नाही. इस्रोचे नंबी नारायणन यांना 1994 मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, सीबीआयने 1996 मध्ये ते प्रकरण निराधार ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 50 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला तो 2018 मध्ये. आक्षेप खरा आहे, पण नारायणन प्रकरणातून त्याचा निष्कर्ष वेगळा निघतो. तिथे तपास झाला तो पोलीस आणि गुप्तचर यंत्रणेकडून. रॉकेट इंजिनाचे तंत्रज्ञान काय असते आणि ते कागदाच्या पाकिटातून का पळवता येत नाही, याची तिला समज नव्हती. इस्रोचे काम जवळून जाणणारी आणि तरी इस्रोच्या प्रमुखाला न बांधलेली अशी यंत्रणा मधल्या जागी नव्हतीच. तपासनीस असणे हा धोका आहेच, पण विषय न कळणारा तपासनीस हा त्याहून मोठा धोका. शिवाय महानिरीक्षकाचेही चुकते तेव्हा न्यायालय त्याला विचारू शकते, तसे वर सांगितलेल्या प्रकरणात झालेही.

दुसरा आक्षेप खासगी कंपन्यांच्या बाजूने येतो. रॉकेट पडले तर कंपनीचेच नाव जाते, मग ती आपला माल स्वतः तपासणार नाही का? तपासते, आणि कधी कधी उत्तम तपासते. स्पेसएक्सच्या एका पुरवठादाराकडे काम करणाऱ्या दर्जा-अभियंत्याने तपासणी अहवालांवर दुसऱ्याच्या खोट्या सह्या चिकटवल्या होत्या. 2019 मध्ये त्याच्यावर खटला गुदरला, पण बनावट प्रथम लक्षात आली ती स्पेसएक्सच्या अंतर्गत तपासणीत. तेव्हा सगळे शहाणपण सरकारकडेच असते, असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र कंपनी फार तर पुरवठादार बदलेल. तोच माल आणखी कुणाकुणाला गेला हे शोधण्याचा अधिकार तिला नाही आणि त्यात तिचा फायदाही नाही. सापाच्या साडेचारशे ग्राहकांपैकी प्रत्येकाला आपापली प्रमाणपत्रे ठीकच दिसत होती.

लेखापरीक्षणाच्या बाजूला आलो की महानिरीक्षकाच्या ताकदीची आणि दुबळेपणाची खरी ओळख पटते, कारण इथे गुन्हा नसतो, असतो तो भाबडा किंवा सोयीस्कर आशावाद. 2022 च्या मार्चमध्ये तेव्हाचे महानिरीक्षक पॉल मार्टिन यांनी काँग्रेससमोर सांगितले की चंद्रावर माणूस नेण्याच्या आर्टेमिस कार्यक्रमातल्या पहिल्या चार उड्डाणांपैकी प्रत्येकाचा खर्च 410 कोटी डॉलर येईल आणि हे परवडण्यासारखे नाही. 2012 ते 2025 या काळातला कार्यक्रमाचा एकूण खर्च त्यांच्या कार्यालयाने 9,300 कोटी डॉलर धरला होता. नासाने स्वतः असा एकत्रित आकडा मांडलेला नव्हता. याच कार्यक्रमातला दुसरा फिरता प्रक्षेपण मनोरा 2019 मध्ये 38 कोटी 30 लाख डॉलरला ठरला. जेवढा खर्च होईल तो भरून द्यायचा आणि वर मोबदला, असे ते कंत्राट. 2024 च्या ऑगस्टमध्ये महानिरीक्षकांनी अंदाज दिला की मनोरा हाती येईपर्यंत 270 कोटी डॉलर लागतील, म्हणजे सातपट. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या अहवालात आर्टेमिसच्याच ओरायन यानाच्या उष्णतारोधक कवचाची छायाचित्रे आली. 2022 च्या मानवरहित फेरीतून परतताना त्या कवचाचे शंभराहून अधिक ठिकाणी टवके उडाले होते. कवच अपेक्षेप्रमाणे वागले नाही हे नासाने सांगितले होते, पण ते दिसते कसे, हे लोकांनी पाहिले या अहवालात. पुढे ज्या यानातून माणसे जायची होती, त्याबाबतीत शब्द आणि चित्र यांतले हे अंतर क्षुल्लक म्हणता येणार नाही.

पण या शिफारशी बंधनकारक नसतात. आर्टेमिससाठीच्या बोइंगच्या रॉकेट बांधणीत दर्जाच्या तक्रारी फार आहेत, तेव्हा आर्थिक दंड लावा, असे 2024 मध्ये महानिरीक्षकांनी सुचवले. नासाने नकार दिला, आणि तो कायद्याला धरूनच होता. मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. माझ्या मते शिफारस बंधनकारक नाही हेच बरे. महानिरीक्षकाला प्रकल्प चालवायचा अधिकार दिला, तर तो स्वतःच्या निर्णयांचा तपास करू लागेल आणि सगळी रचना ढासळेल. त्याची ताकद अहवाल जाहीर असण्यात आहे. नकार देणाऱ्याला आपला नकार कारणांसह त्याच अहवालात छापावा लागतो, आणि पुढे काही बिघडले तर तो कागद काँग्रेसच्या टेबलावर आधीच पडलेला असतो.

रचना कितीही चतुर असली तरी ती माणसावर येऊन थांबते. 2002 पासून नासाचे महानिरीक्षक असलेले रॉबर्ट कॉब यांच्याविरुद्ध त्यांच्याच कार्यालयातून तक्रारी गेल्या. महानिरीक्षकांच्या परिषदेमार्फत झालेल्या चौकशीने 2007 मध्ये ठपका ठेवला की त्यांनी अधिकाराचा गैरवापर केला, आणि प्रशासक शॉन ओ’कीफ यांच्याशी असलेल्या त्यांच्या जवळिकीमुळे ते स्वतंत्र नाहीत असे दिसत होते. काँग्रेसमधून हकालपट्टीची मागणी झाली, तरी ते 2009 पर्यंत पदावर राहिले. दुसऱ्या टोकाला, ज्याने स्वतंत्रपणे काम केले त्याला काढून टाकणेही सोपे आहे. रोनाल्ड रेगन यांनी 1981 मध्ये पद हाती घेताच सगळ्या महानिरीक्षकांना घरी पाठवले होते; नंतर काहींना परत घेतले. त्यानंतर कायदा सुधारला, काढण्याआधी काँग्रेसला 30 दिवसांची पूर्वसूचना आणि ठोस कारणे देणे सक्तीचे झाले. तरीही जानेवारी 2025 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सुमारे 17 महानिरीक्षकांना एका रात्रीत, पूर्वसूचनेविना काढले. संघीय न्यायाधीशांनी ही कृती बेकायदा ठरवली, पण कुणालाच पदावर परत बसवले नाही. नासातून अमेरिकी सरकारच्या परदेशांना मदत देणाऱ्या संस्थेत महानिरीक्षक म्हणून गेलेले पॉल मार्टिन यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारला गैरसोयीचा अहवाल काढला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. म्हणजे नेमण्याच्या वेळी जो हात सही करतो, त्याच हातात काढण्याचा अधिकार ठेवला, तर पूर्वसूचनेची अट कागदावरच राहते. हा या रचनेतला सर्वांत कच्चा सांधा आहे, आणि तो अजून बदललेला नाही.

भारतात इस्रोच्या हिशेबांवर नजर आहे ती महालेखापरीक्षकांची, आणि अंतराळ विभागात इतर खात्यांप्रमाणे दक्षता अधिकारी आहे. अँट्रिक्स–देवास प्रकरणात या व्यवस्थेची परीक्षा झाली. इस्रोच्या व्यापारी शाखेने जानेवारी 2005 मध्ये देवास कंपनीशी उपग्रह आणि एस-बँड लहरींचा करार केला. तो रद्द झाला फेब्रुवारी 2011 मध्ये, महालेखापरीक्षकांचा अहवाल आला 2012 मध्ये, आणि देवासची स्थापनाच फसवणुकीसाठी झाली, या निष्कर्षावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले 2022 मध्ये. परदेशातल्या लवादांचे निवाडे मधल्या काळात देवासच्या बाजूने गेले होते. करारात दोष कुणाचा किती, यावर आजही वाद घालता येईल. पण सहीनंतर पहिली काही वर्षे, जेव्हा दुरुस्ती स्वस्तात झाली असती, तेव्हा ‘हे काय चालले आहे’ असे विचारून उत्तर संसदेपुढे ठेवण्याचे कर्तव्य असलेला माणूस त्या इमारतीत नव्हता, याबद्दल वाद होऊ नये. महालेखापरीक्षक स्वतंत्र आहेत, पण बाहेरचे आणि उशिरा येणारे. दक्षता अधिकारी आतला आहे, पण त्याचे म्हणणे विभागाच्या सचिवांपाशी जाते. आणि अंतराळ विभागाचे सचिव हेच इस्रोचे अध्यक्षही असतात.

इस्रो अमेरिकेच्या मानाने किती कमी पैशात किती काम करते, मग तिच्या मागे आणखी एक ब्याद कशाला, हा प्रश्न इथे विचारला जाईलच. काटकसर आणि देखरेख यांत विरोध नाही. चांद्रयानासारख्या मोहिमेत राखीव पैसा आणि राखीव यान दोन्ही जेमतेम असतात, तेव्हा एका खोट्या प्रमाणपत्राची किंमत उलट वाढते. आणि इस्रो आता पूर्वीसारखी सगळे घरात करणारी संस्था राहिलेली नाही. तिच्या घन-इंधनाच्या मोटारींची आवरणे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनत आली आहेत, इंजिनांची कामे मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजमध्ये होत आली आहेत. 2022 मध्ये पाच पीएसएलव्ही संपूर्ण बांधून देण्याचे कंत्राट हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला मिळाले. या नामांकित कारखान्यांवर शंका घेण्याचे काहीच कारण नाही. टॉरस बांधणारी कंपनीही नामांकितच होती, आणि तीही फसवली गेलेल्यांपैकीच. प्रश्न आहे तो त्यांना पट्टी, बोल्ट, वेल्डिंगची तार पुरवणाऱ्यांच्या पुरवठादारांचा. 2023 च्या भारतीय अंतराळ धोरणात परवाने कुणी द्यायचे, प्रक्षेपण कुणी करायचे, सुरक्षेचे नियम कुणी आखायचे, याची वाटणी केली आहे. खोट्या प्रमाणपत्राचा माग काढत त्या शेवटच्या पायरीपर्यंत कुणी जायचे, हे काम मात्र त्या वाटणीत कुणाच्याच वाट्याला आलेले नाही.